आधी माणूस शिकवा, मग यंत्र आणा

(रायपूर येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त लोको शेड कामगाराने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय पत्रकावर छापून आला तेव्हा तात्यापाऱ्यातल्या एका जुन्या मित्राने मला वाटेत थांबवून विचारले, “आफ्रिकेतल्या तंत्रशाळा, संगणकाचे शिक्षण, सौरऊर्जेचे शिक्षण, हे सगळे ठीक आहे हो. पण रायपूरच्या वॅगन शॉपमधल्या फिटरला आणि गुढियारीच्या पोस्टमनला त्याचे काय?” प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर रस्त्यावर उभे राहून देण्यासारखे नव्हते, म्हणून मी त्यांना म्हणालो, “सभेला या.” ते आलेले आहेत. तेव्हा आजचे भाषण म्हणजे त्यांच्या प्रश्नाला दिलेले उत्तरच समजा.

आपण रायपूरचे मराठी लोक. कोणाचे पूर्वज भोसल्यांच्या काळात इकडे आले, कोणाचे आजोबा बी.एन.आर.च्या नोकरीत आले. नागपूरहून छत्तीसगडात आलेली पहिली रेल्वे मीटर गेज होती. 1887 साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिने ती लाइन ताब्यात घेऊन रुंद केली. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, 1896 ते 1901 या काळात, आपल्याच देशातून सुमारे 32 हजार मजूर करारावर आफ्रिकेत नेण्यात आले. त्यांनी मोम्बासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत मीटर गेजची लाइन टाकली. सुमारे अडीच हजार माणसे तिथेच मेली. ते बहुतेक पंजाबचे होते, त्यांत आपले मराठी फारसे नसतील. परंतु ते आपलेच भाऊबंद होते. त्यांना काय शिकवून नेले होते? काहीही नाही. हातात फावडे दिले आणि जहाजात बसवले. आफ्रिकेशी आपल्या रेल्वे कामगाराचा संबंध आला तो असा.

आता सव्वाशे वर्षांनंतरची गोष्ट सांगतो. इथिओपियाची राजधानी अदिस अबाबापासून जिबुतीच्या बंदरापर्यंत साडेसातशे किलोमीटरची नवी रेल्वे झाली. ती पहिल्या दिवसापासून विजेवर चालणारी. इथिओपियाची वीज बहुतांश धरणांवरची, म्हणजे कोळशाचा धूर नाही. व्यापारी वाहतूक 1 जानेवारी 2018 रोजी सुरू झाली. लाइन चिनी कंपन्यांनी बांधली, गाड्याही तिकडच्या, आणि ती चालवायलाही सहा वर्षे चिनी कंपन्याच होत्या. का? कारण लाइन तयार झाली, पण ती चालवणारी, दुरुस्त करणारी तिथली माणसे तयार नव्हती. मग 2019 च्या मार्च महिन्यात चीनमधल्या तिआंजिन शहरातल्या रेल्वे तंत्रशाळेने जिबुतीच्या एका तंत्रशाळेशी हातमिळवणी करून तिथे प्रशिक्षणाची कार्यशाळा उघडली. तिला नाव दिले लू बान यांचे. लू बान म्हणजे चीनमधला प्राचीन काळचा सुतार. तिकडचे कारागीर त्याला आपला आद्य गुरू मानतात, आपण विश्वकर्म्याला मानतो तसे. पुढे तशाच कार्यशाळा आफ्रिकेतल्या इतर देशांतही निघाल्या. अखेर 2024 च्या मे महिन्यात त्या लाइनचा कारभार इथिओपिया आणि जिबुतीच्या लोकांच्या हाती आला.

या गोष्टीतून दोन धडे निघतात. पहिला असा की तंत्रशाळा एकमेकींना जोडल्या आणि त्यांनी मन लावून शिकवले, तर परक्याच्या हातातले काम स्थानिक कामगाराच्या हातात येते. हे चांगले आहे, त्याचे स्वागत केले पाहिजे. दुसरा धडा जरा कडू आहे. यंत्र आधी आले आणि माणसाचे शिक्षण नंतर आले. मधली वर्षे ज्याचे यंत्र त्याचाच कारभार होता. शिवाय जो एका कंपनीच्या यंत्रावर शिकतो, तो पुढे त्याच कंपनीचे यंत्र मागतो. शिकवणारा काही धर्मादाय करत नसतो. हे चीनबद्दलच खरे आहे असे नाही, कोणाही बद्दल खरे आहे. उद्या आपल्याबद्दलही असेल.

कारण आपणही आता आफ्रिकेला यंत्रे पाठवतो. 2021 साली बनारसच्या कारखान्यातून 3000 अश्वशक्तीची डिझेल इंजिने मोझांबिकला गेली. 2025 मध्ये बिहारच्या मढौरा कारखान्यातून गिनी देशाला इंजिने जायला लागली. 2023 साली मद्रास आयआयटीने टांझानियातल्या जंजिबार बेटावर आपली शाखा उघडली, तिथे डेटा सायन्स आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे पदवी शिक्षण मिळते. अभिमान वाटावा अशाच या गोष्टी आहेत. पण मी शेडमधला माणूस, माझ्या मनात लगेच येते की आयआयटीने समुद्र ओलांडला, आता आयटीआय कधी ओलांडणार? त्या इंजिनाचे टर्बो उघडायला तिकडे पदवीधर येणार आहे की फिटर?

आणि एक उदाहरण आपल्या देशातच आहे, ते प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. राजस्थानात अजमेर जिल्ह्यात तिलोनिया नावाचे खेडे आहे. तिथे बंकर रॉय यांनी 1972 साली सुरू केलेली संस्था बेअरफूट कॉलेज म्हणून ओळखली जाते. परराष्ट्र मंत्रालयाची ‘आयटेक’ नावाची योजना 1964 पासून चालू आहे. तिच्या मदतीने आफ्रिकेतल्या खेड्यांतल्या बायका तिलोनियाला येऊन सहा महिने राहून सौरदिव्यांचे काम शिकल्या. बहुतेक मध्यमवयीन, कित्येक आज्या झालेल्या. लिहिता-वाचता येत नाही, हिंदी येत नाही, इंग्रजी येत नाही. शिकवणाऱ्या बायाही खेड्यातल्याच. मग शिकवले कसे? रंगांवरून, खुणांवरून, हातात हात घेऊन. तारेचा रंग कोणता, तो भाग कुठे बसतो, हे बघून बघून त्या सर्किट जोडायला शिकल्या आणि परत जाऊन त्यांनी आपापल्या गावात दिवे लावले. आफ्रिकेत आजही सुमारे 60 कोटी लोकांच्या घरी वीज नाही, म्हणून या कामाचे मोल मोठे आहे.

म्हातारी आजीच का निवडली? कारण शिकलेला तरुण प्रमाणपत्र खिशात घालून शहर गाठतो. आजी गाव सोडत नाही. शिक्षण कोणाला द्यायचे हे जिथे नीट ठरवले, तिथेच ते टिकते. आणि “इंग्रजी येत नाही म्हणून याला शिकवता येणार नाही” असे ज्या अधिकाऱ्याला वाटते त्याने एकदा तिलोनियाला जाऊन यावे.

मित्रांनो, आता घरी परत येऊ. मी डिझेल शेडमध्ये आयुष्य काढले. आमच्या वस्तादांनी आम्हाला कानाने आणि डोळ्याने इंजिन शिकवले. काळा धूर आला की जळण नीट होत नाही, टर्बो बघ. निळसर धूर आला की वंगणाचे तेल जळते आहे. पांढरा आला की पाणी कुठे शिरते ते शोध. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात इतके नीट लिहिलेले नव्हते. पुढे संगणकावर चालणारी इंजिने आली. दोष आता धुरातून दिसायचा नाही, पडद्यावर आकडा होऊन यायचा. आम्हाला काही दिवसांचे प्रशिक्षण मिळाले. शिकवणारा कंपनीचा तरुण इंजिनियर, कागद सगळे इंग्रजीत, आणि आम्ही दोन पाळ्यांमधले डोळे चोळत बसलेलो. आमच्यातले एक वस्ताद, 28 वर्षे नोकरी झालेले, त्या दिवसापासून पोरांच्या मागे उभे राहू लागले. पुढे होऊन पडद्याला हात लावत नसत. चूक झाली तर हसे होईल, ही भीती. ज्या माणसाचे बोट इंजिनावर ठेवले की दोष सापडायचा, त्याला आम्ही सर्वांनी मिळून निरुपयोगी करून टाकले. प्रशासनाने केले आणि युनियनने बघत राहून केले. हे मी कबूल करतो, कारण त्या वेळी शाखेचा पदाधिकारी मी होतो. आम्ही त्या वर्षी भत्त्यासाठी भांडलो. शिक्षणासाठी एक ओळसुद्धा मागणीपत्रात नव्हती.

आज काय स्थिती आहे? ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित इंजिने 1995 साली थांबली. आता डिझेलचा उतार चालू आहे. छत्तीसगडमधल्या ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण 2023 साली पूर्ण झाले. 2030 पर्यंत निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायचे असे रेल्वेने जाहीर केलेले आहे. आपल्या दाराशीच, भिलाई-चरोद्याला, गाड्यांना वीज देण्यासाठी 50 मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे. 24 फेब्रुवारी 2024 रोजी तो राष्ट्राला अर्पण झाला. त्याच दिवशी राजनांदगावचा 100 मेगावॅटचा सौर प्रकल्पही अर्पण झाला, त्याला वीज साठवणाऱ्या मोठ्या बॅटऱ्या जोडलेल्या आहेत. म्हणजे ज्याला आज ‘हरित कौशल्य’ म्हणतात ते आफ्रिकेत किंवा दिल्लीत नाही, ते आपल्या लोकल गाडीच्या अंतरावर आहे. त्या बॅटऱ्यांची देखभाल कोण करते आहे? कायम कामगार की कंत्राटी? त्याला कोणी शिकवले? किती दिवस शिकवले? आपल्यापैकी किती जणांनी जाऊन विचारले आहे?

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपल्या बिलासपूर झोनच्या मालवाहतुकीत सर्वांत मोठा वाटा कोळशाचा आहे. वॅगन शॉपमध्ये आपण ज्या वॅगनी दुरुस्त करतो त्यांतल्या बऱ्याच कोळसा वाहतात. विजेच्या इंजिनालाही आज पुष्कळशी वीज कोरबाच्या कोळशाचीच मिळते. जगाने कोळसा कमी करायचे ठरवले, आणि ते ठरवणार आहे, तर त्याचा पहिला धक्का दिल्लीला बसणार नाही, तो कोरबा-बिलासपूर-रायपूर या पट्ट्याला बसेल. तो धक्का आज बसणार नाही, पाच वर्षांतही कदाचित नाही. पण आज जो ॲप्रेंटिस वॅगन शॉपमध्ये आहे त्याच्या नोकरीच्या काळात बसेल. त्याला आज काय शिकवायचे, यावर त्याचे पुढचे तीस वर्षांचे आयुष्य ठरणार आहे. हा पगारवाढीइतकाच भाकरीचा प्रश्न आहे.

टपाल खात्यातल्या बांधवांना वाटत असेल की हे सगळे रेल्वेचे चालले आहे. तसे नाही. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक प्रथम सुरू झाली ती मुंबईत नाही आणि दिल्लीत नाही. 30 जानेवारी 2017 रोजी प्रायोगिक म्हणून ती रायपूर आणि रांची या दोनच ठिकाणी सुरू झाली. देशभर ती 1 सप्टेंबर 2018 रोजी गेली. म्हणजे पोस्टमनच्या हातात बँक देण्याचा प्रयोग देशात सर्वांत आधी ज्यांच्यावर झाला ते आपणच. त्याच सुमारास, 2017 च्या डिसेंबरात, खेड्यातल्या सुमारे 1 लाख 29 हजार शाखा टपाल कार्यालयांना हातातले यंत्र देणारी ‘दर्पण’ योजना सुरू झाली. 2022 साली ‘डाक कर्मयोगी’ हे संगणकावरचे प्रशिक्षण आले. ऑगस्ट 2025 पर्यंत टपाल खात्याची सगळी यंत्रणाच नव्या प्रणालीवर गेली. आठ वर्षांत इतके बदल! आणि पोस्टमनने ते सगळे पेलले, हे मान्य केले पाहिजे. म्हातारीचे पेन्शन अंगठ्याच्या ठशावर तिच्या दारात देणारा माणूस कोणत्याही बँक बाबूपेक्षा कमी डिजिटल नाही.

परंतु तो हे शिकला कधी? इथे ग्रामीण डाक सेवकाकडे बघा. 2018 पासून त्याला चार तास किंवा पाच तास या हिशेबाने मोबदला मिळतो. त्या चार तासांत त्याने टपाल वाटायचे, पैसे घ्यायचे, खाते उघडायचे, हिशेब जुळवायचा. मग धडे कोणत्या तासात शिकायचे? पाचव्या. पाचवा तास कोणाचा? त्याचा स्वतःचा. मोबाइल बऱ्याचदा स्वतःचा, त्यातला डेटा स्वतःचा, वीज गेली तर अंधारही स्वतःचा. आणि धडा पूर्ण झाला नाही तर स्पष्टीकरण मात्र त्यानेच द्यायचे. रेल्वेतही वेगळे नाही. रात्रपाळी करून आलेला माणूस दुपारी वर्गात बसवला जातो, आणि उपस्थितीच्या कागदावर सही झाली की ‘प्रशिक्षण दिले’ असे लिहिले जाते.

मित्रांनो, माझे आजचे सगळे म्हणणे एका वाक्यात आहे. शिकणे हेही काम आहे, आणि कामाचा मोबदला कामाच्या वेळेतच मिळाला पाहिजे.

हे मी माझ्या मनचे सांगत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1974 साली एक करार केला, क्रमांक 140, पगारी शैक्षणिक रजेचा. कामगाराला शिकण्यासाठी कामाच्या वेळेत, पगार न कापता रजा मिळावी, असे तो सांगतो. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. कोणी दिली आहे ऐका: केनियाने दिली, टांझानियाने दिली, झिंबाब्वेने दिली. ज्या आफ्रिकेला आपण शिकवायला निघालो आहोत, तिच्याकडून आपण हे शिकायला हवे होते! तिथे त्या कराराची अंमलबजावणी पुरेपूर होते असे मी म्हणणार नाही. पण कागदावर हक्क असेल तर भांडायला जागा मिळते. आपल्याकडे कागदही नाही.

आता सरकारच्या योजनांकडे येतो. योजना नाहीत असे नाही. उलट छत्तीसगडने देशात पहिला कायदा केला. 2013 चा युवकांना कौशल्य विकासाचा हक्क देणारा कायदा, त्यात 14 ते 45 वयाच्या माणसाने अर्ज केला की 90 दिवसांत प्रशिक्षणाची सोय व्हावी असे आहे. दंतेवाड्याला पहिले आजीविका महाविद्यालय निघाले आणि मग ते इतर जिल्ह्यांत पोचले. रेल्वेने 2021 साली विश्वकर्मा दिनी, 17 सप्टेंबरला, रेल कौशल विकास योजना काढली. तीन वर्षांत 50 हजार तरुण, सुरुवातीला इलेक्ट्रिशियन, वेल्डर, मशिनिस्ट आणि फिटर हे चार व्यवसाय, आणि प्रत्येकाला 100 तास. शंभर तास! आमच्या वस्तादांनी आम्हाला फाइल सरळ धरायला शिकवले तेवढ्यात शंभर तास गेले होते. काहीच नसण्यापेक्षा शंभर तास बरे, हे मी मानतो. पण शंभर तासांच्या मुलाला कंत्राटदाराने तारेखाली उभे केले, तर वर 25 हजार व्होल्ट आहेत. वीज बंद केल्याचा परवाना हातात घेतल्याशिवाय आणि तार जमिनीला जोडल्याशिवाय वर हात न्यायचा नाही, हे हाडात मुरवायला वेळ लागतो. तो वेळ वाचवला तर किंमत जिवाने द्यावी लागते.

ॲप्रेंटिसांचेही असेच. 1961 चा ॲप्रेंटिस कायदा सांगतो की तो शिकाऊ आहे, कामगार नाही. त्याला नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही. रेल्वेच्या लेव्हल 1 भरतीत ॲप्रेंटिसांना 20 टक्के जागा राखून आहेत, त्या चळवळीशिवाय मिळालेल्या नाहीत. परंतु शिकाऊ मुलगा युनियनचा सभासद नाही म्हणून त्याच्याकडे आपण बघतच नाही. तो आपल्या कारखान्यात दिवसभर आपल्या शेजारी उभा असतो. काही जुने कारागीर त्याला मुद्दाम अर्धीच गोष्ट सांगतात, आपली जागा जाईल या भीतीने. हे बंद झाले पाहिजे. ज्ञान लपवून नोकरी टिकत नाही. त्या मुलाला पुरते शिकवा, आणि त्याच्याकडून संगणक शिकून घ्या. यात कमीपणा कसला?

आता सर्वांत ताजी योजना. मे 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आयटीआय सुधारण्यासाठी 60 हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. ऑक्टोबरात ती ‘पीएम सेतु’ या नावाने सुरू झाली. एक हजार सरकारी आयटीआय घ्यायचे. त्यांतले 200 मध्यवर्ती, आणि त्यांना जोडलेले 800. म्हणजे एका मोठ्या आयटीआयभोवती सरासरी चार लहान. मालकी सरकारची, चालवणे उद्योगाचे. तंत्रशाळांची भागीदारी म्हणतात ती हीच. कल्पना वाईट नाही. लहान गावातल्या आयटीआयला चांगले यंत्र परवडत नाही, त्याने मोठ्याचे वापरावे, हे शहाणपणाचेच आहे. पण टेबलाभोवती कोण कोण बसणार ते बघा. सरकार आहे, उद्योग आहे. चौथी खुर्ची सोडा, तिसरी खुर्चीसुद्धा कामगाराची नाही. ज्याला ते काम रोज करायचे आहे आणि ज्याने ते तीस वर्षे केले आहे, त्याला अभ्यासक्रमाबद्दल विचारणारच नाही काय? उद्योगाला हवा असतो उद्या सकाळी उपयोगी पडणारा माणूस. कामगाराला हवे असते तीस वर्षे पुरेल असे शिक्षण. या दोन्ही गोष्टी एकच नाहीत. जिबुतीत जे झाले ते विसरू नका. शिकवणारा आपल्या यंत्रापुरते शिकवतो. त्या पलीकडचे शिक्षण मागायला कामगाराच्या बाजूने कोणीतरी बसलेले असावे लागते.

म्हणून आपण काय करायचे? ठराव करून कागद वर पाठवायचा आणि घरी जायचे, एवढ्याने भागणार नाही. शाखा पातळीवर चार कामे करता येतात.

पहिले काम मोजणीचे. आपल्या शाखेतल्या प्रत्येक सभासदाला गेल्या तीन वर्षांत कोणते प्रशिक्षण मिळाले, किती तास, कामाच्या वेळेत की वेळेबाहेर, कोणत्या भाषेत, याची वही करा. डाक सेवकांची वेगळी करा. आकडे हाती नसतील तर प्रशासन सांगेल तेच खरे धरावे लागते.

दुसरे काम मागणीचे. पुढच्या मागणीपत्रात पहिल्या पानावर लिहा: प्रशिक्षणाचा प्रत्येक तास ड्यूटीचा तास धरावा, डाक सेवकांना त्याचा मोबदला द्यावा, आणि कोणतेही नवे यंत्र किंवा नवी प्रणाली चालू करण्याआधी संबंधित कामगारांचे प्रशिक्षण पूर्ण झाल्याची नोंद युनियनच्या सहीने व्हावी. आधी माणूस, मग यंत्र. आणि 140 क्रमांकाच्या कराराला मान्यता द्या, ही मागणी आपल्या राष्ट्रीय फेडरेशनने दिल्लीत लावून धरावी.

तिसरे काम खुर्चीचे. रायपूर, भिलाई, बिलासपूरच्या आयटीआयच्या समित्यांवर कामगारांचा प्रतिनिधी मागा. मागितल्याशिवाय कोणी देणार नाही. आणि खुर्ची मिळाली तर तिथे रिकाम्या हाताने जाऊ नका. शेडमधल्या आणि पोस्टातल्या अनुभवी माणसांनी बसून, त्यांच्या भाषेत, अभ्यासक्रमाचा कच्चा मसुदा आधी तयार करा.

चौथे काम शिकवण्याचे. आपल्यात निवृत्त झालेले डिझेलचे फिटर आहेत. इथे डिझेलचा उतार चालू आहे, पण बनारसची आणि मढौऱ्याची इंजिने आफ्रिकेत नुकतीच पोचली आहेत. तिकडच्या तंत्रशाळांना त्या फिटरांचे ज्ञान हवे आहे. ‘आयटेक’ योजनेतून तज्ज्ञही बाहेर पाठवता येतात. मग तज्ज्ञ म्हणजे नेहमी कोट घातलेलाच का? तेलाने काळा झालेला हातसुद्धा तज्ज्ञाचा असू शकतो. 1896 साली आपला माणूस फावडे घेऊन गेला. आता तो गुरू म्हणून जाऊ दे. आणि येताना तिथल्या कामगाराकडून पगारी शैक्षणिक रजेचा करार शिकून येऊ दे.

मी ज्या वस्तादांबद्दल मघा बोललो ते आता नाहीत. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मी त्यांना विचारले होते, “पडद्याला कधी हात का लावला नाहीत?” ते म्हणाले, “मला कोणी शिकवले असते तर मी सगळ्या शेडला शिकवले असते.” एवढेच बोलले आणि शालनारळ घेऊन घरी गेले. तात्यापाऱ्याच्या मित्रांनी आफ्रिकेचा आपल्याशी काय संबंध म्हणून विचारले होते. संबंध इतकाच की जिबुतीचा तो पोरगा आणि आमचे ते वस्ताद, दोघांसमोर यंत्र आधी आले आणि शिकवणारा नंतर. पोराला शिकवणारा उशिरा का होईना मिळाला. वस्तादांना मिळाला नाही. आपल्या शाखेत यापुढे कोणी पोरांच्या मागे उभे राहू नये, एवढे जरी आपण केले तरी आजचा अभ्यासवर्ग सार्थकी लागला असे मी मानीन.

वही उद्यापासून सुरू करा. पुढच्या बैठकीला प्रत्येक शाखेने ती बरोबर आणावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.